जुनी मारुती व्हॅन: गिअर आणि स्टीअरिंगच्या तक्रारींवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल अशा ठिकठिकाणांहून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. मी मेकॅनिक नाही. वडिलांची पांढरी व्हॅन माझ्याकडे आली आणि तिच्याखाली आडवं पडून जे कळलं ते इथे आहे. एक अट मात्र आहे. गाडीखाली जायचं तर घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावून, चाकांना लाकडी ठोकळे लावूनच जायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणार असाल तर पुढचं काही वाचू नका.

१. ही उत्तरं नेमकी कुठल्या गाडीची?

१९८४ साली आलेली मारुती व्हॅन आणि १९८८ पासून तिलाच मिळालेलं ओम्नी हे नाव. २०१९ पर्यंत ती बनत होती. एवढ्या वर्षांत तोंडवळा बदलला, पण पोटातली मांडणी तीच राहिली: पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याच्या मागे चार गिअरचा गिअरबॉक्स, तिथून प्रॉपेलर शाफ्ट (ओढ मागे नेणारा लांब फिरता दांडा) आणि मागच्या चाकांना ओढ. स्टीअरिंग रॅक-पिनियनचं, म्हणजे छोटं दातेरी चाक (पिनियन) आडव्या दातेरी पट्टीला (रॅकला) डावी-उजवीकडे सरकवतं. मॅटाडोरवाल्यांनी आधी प्र. २१ वाचावा.

२. आमची व्हॅन १९८७ची आहे. तिला व्हिंटेज म्हणता येईल का?

गप्पा मारताना खुशाल म्हणा. कागदावर मात्र नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. म्हणजे अगदी पहिल्या वर्षाची व्हॅनसुद्धा २०३४ पर्यंत थांबणार. शिवाय व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. भाजी आणायला व्हॅन काढणाऱ्यांनी घाई करू नये. तोवर नेहमीचाच नियम, १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण. ठाण्याची एमएच-०४ असो की वाशीची एमएच-४३, तपासणीला नेण्याआधी प्र. १३ मधली चाचणी घरीच करून घ्या.

३. मेकॅनिक म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." खरंच गेलाय का, हे घरी कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. माझा अनुभव असा की 'गिअरबॉक्स गेला' म्हणून आलेल्या तक्रारींत गिअरबॉक्स बहुतेक वेळा शाबूत असतो. तो उघडायला होकार देण्याआधी चार गोष्टी करून बघा. पाना लागत नाही.

पहिली: इंजिन बंद, क्लच दाबून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा अडला तर गाडी हाताने जराशी पुढे ढकलून परत टाका, कारण दात समोरासमोर आले की बंद गाडीत गिअर अडतोच. आता सगळे गिअर सहज पडत असतील तर दांडा आणि जोडणी ठीक आहे.

दुसरी: इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर चालू इंजिनवर अडत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही, असं समजा.

तिसरी: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून देणारी पितळी कडी, तीच ब्रास रिंग) नसते, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पाच आकड्यांनंतरही 'खर्रर्र' झालं तर दोष क्लचचाच.

चौथी चालत्या गाडीतली. एकच ठरावीक गिअर करकरतो की सगळेच? फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना करकर होत असेल तर दुसऱ्याची ब्रास रिंग झिजली. तेव्हा मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं.

मी स्वतः हे न करता एकदा फसता फसता वाचलो. वागळे इस्टेटकडच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवायचा खर्च ऐकून, घरी विचारून सांगतो म्हणत गाडी परत आणली. शेजारच्या रिक्षावाल्याने पेडलजवळ टॉर्च मारला तर क्लच केबलच्या तारा सुटून शेवटच्या दोन-तीन तारांवर ती लटकत होती.

४. क्लच केबल नवी टाकली. तरी पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर होतेच. आता काय?

नवी केबल टाकल्यावर पेडलची मोकळी चाल नीट बसवली का ते पाहा. पेडल हाताने दाबलं की साधारण बोटभर रिकामं जायला हवं, मग वजन लागायला हवं. चाल जास्त असेल तर क्लच अर्धवटच सुटतो. केबल कुठे मुरडली आहे का, हेही बघा. चाल बरोबर आणि केबल सरळ असूनही करकर असेल तर प्रेशर प्लेट किंवा क्लच प्लेट बघावी लागेल.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे दर सप्टेंबरात भेटतो. पावसाळाभर गाडी उभी होती, आता क्लच दाबला तरी कुठलाच गिअर पडत नाही, किंवा पडला तर गाडी झटका देते. दमटपणाने गंजून प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबून, सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवून गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी इंजिन बंदच ठेवून टॉप गिअरमध्ये, क्लच दाबलेला असतानाच दोघा-तिघांनी गाडी पुढेमागे हलवा. बऱ्याचदा 'टक्' करून सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवूनच प्लेट काढावी लागते.

५. गायमुखच्या चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी चढत नाही. गिअर घसरतोय का?

हातगिअरच्या गाडीत गिअर 'घसरत' नाही. तो एक तर असतो किंवा नसतो. घसरतो तो क्लच. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ४०च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर प्लेट घसरतेय. जळकट वास आला तर शंकाच नको.

पण प्लेट मागवण्याआधी मोकळी चाल पाहा. प्र. ४ मधली करकर घालवायला कोणीतरी केबल इतकी ताणलेली असते की पाय काढला तरी क्लच पूर्ण बसत नाही. ती ढिली केली की गाडी पुन्हा चढते, खर्च शून्य. चाल ठीक असेल तर प्लेट झिजली किंवा इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल प्लेटवर येतंय. तसं असेल तर प्लेटबरोबर सीलही बदला, नाहीतर नवी प्लेट महिन्याभरात तेल पिते. घोडबंदर रोडच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा.

६. गिअरचा दांडा खिचडीतल्या पळीसारखा फिरतो. पहिला टाकावा तर तिसरा पडतो.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत छोटे बुश असतात, तेच झिजलेत. गिअर लिव्हर किट म्हणून दुकानात मिळतं. या गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुखाची दुरुस्ती हीच. बसवताना ग्रीस लावा.

७. उतारावर पाय उचलला की गिअर आपोआप निघतो. हाताने धरून ठेवला तर चालेल का?

नाही. दांड्यावर हात दाबून ठेवला की आतला फोर्क सतत घासला जातो आणि स्वस्तातली दुरुस्ती महागात जाते. बाहेरून सुरुवात करा. इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग फाटली असतील तर उतारावर अख्खी जोडी मागेपुढे सरकते आणि दांडा गिअर ओढून काढतो. त्यानंतर प्र. ६चे बुश. दोन्ही चांगले असतील तर आत गिअर जागी धरून ठेवणारे स्प्रिंग-गोळ्या तरी थकल्यात किंवा त्या गिअरचे दात तरी गोल झालेत. स्प्रिंगचं काम लहान आहे, दातांचं मोठं. तोवर येऊरहून किंवा पारसिकच्या बाजूने उतरताना त्या गिअरवर विसंबू नका. जो गिअर टिकतो त्यात हळू उतरा.

८. खालून आवाज येतो. क्लच, गिअरबॉक्स की मागचं हाऊसिंग (मागच्या चाकांच्या मधली गिअरची पेटी)?

आवाज कधी येतो आणि कधी जातो ते लिहून काढा. मेकॅनिककडे जाताना 'आवाज येतो' एवढंच सांगितलंत तर तो सगळंच उघडेल.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर आणि क्लच दाबला की शांतता: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. नेमकं उलटं, म्हणजे क्लच दाबल्यावरच किर्रर्र आवाज: रिलीज बेअरिंग. हे बेअरिंग रडत रडत बरेच महिने जातं, पण पुढे कधी क्लचसाठी गिअरबॉक्स उतरला तर ते न बदलता परत बसवणं म्हणजे करंटेपणा.

चालत्या गाडीत खालच्या गिअरांना गुणगुण आणि टॉपमध्ये ती जवळजवळ नाहीशी: लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या जोडशाफ्टची) बेअरिंग. कारण टॉपमध्ये सगळा भार त्या शाफ्टवरून जात नाही. सगळ्याच गिअरमध्ये, वेगाबरोबर चढणारी, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलणारी रडारड मात्र मागच्या हाऊसिंगमधली, क्राउन-पिनियनची. आधी तिथलं ऑइल बघा. अनेक व्हॅनच्या मागच्या हाऊसिंगचं ऑइल कित्येक वर्षं कोणी पाहिलेलंच नसतं.

आणखी एक आवाज लोक हाऊसिंगच्या माथी मारतात, तो मागच्या चाकाच्या बेअरिंगचा. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाकडे बघा.

९. गाडी निघताना आणि रिव्हर्सला मागून 'ठक्' असा आवाज येतो. भीती वाटते.

बहुतेक वेळा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या खुणेसारखा सांधा. हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने धरून पिळून बघा. क्रॉसपाशी खुळखुळ जाणवली की तो बदलायचा. क्रॉसच्या टोकांजवळ लालसर गंजाची पूड दिसली तर पिळून बघायचीही गरज नाही. शाफ्ट काढण्याआधी शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर रंगाने किंवा छिन्नीने एक एक खूण करा. परत बसवताना खुणा जुळल्या नाहीत तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि मग लोक मला विचारतात की क्रॉस डुप्लिकेट आहे का. ठकठक सहन करत राहिलात तर एक दिवस क्रॉस तुटतो आणि शाफ्ट रस्त्याला टेकतो. म्हणून याला प्र. २३च्या यादीत घातलंय.

१०. गिअर ऑइल कुठलं घालू? दुकानदार म्हणतो जीएल-५ जास्त चांगलं.

जीएल म्हणजे गिअर ऑइलचा प्रकार. गिअरबॉक्सला जीएल-४, साधारण ८०डब्ल्यू-९० जाडीचं. मागच्या हाऊसिंगला जीएल-५. आकडा मोठा म्हणून माल चांगला, असा हा हिशेब नाही. हाऊसिंगमध्ये क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जास्त दाब झेलणारी रसायनं लागतात. तीच गंधक-फॉस्फरसची रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. शिवाय रिंगेला गिअर थोपवायला थोडं घर्षण हवं असतं, जीएल-५मध्ये ते कमी पडतं आणि नव्याकोऱ्या रिंगासुद्धा करकरतात.

बदलताना आधी वरचा, म्हणजे भरायचा बोल्ट सैल होतो का बघा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून बसलेला आणि खालून सगळं ऑइल गेलेलं, अशी गाडी रविवारी संध्याकाळी दारात उभी करून मी बसलेलो आहे. पातळी बघायला गाडी सपाट जागी हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की पुरे. करंगळी घालून बघतात, तेच माप. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी चमक असणं नेहमीचं. पिवळी चमक म्हणजे ब्रास रिंग झिजतायत. आणि चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला तर पेटी उघडायची वेळ आली.

११. पावसात ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली. गिअरबॉक्समध्ये पाणी जातं का?

जाऊ शकतं. गरम झालेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मागच्या हाऊसिंगचंही तेच. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे भरायचे बोल्ट उघडून बघा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर बदला. एकदा बदलून भागत नाही. नवं घालून थोडे किलोमीटर चालवा, परत काढा, परत भरा. पहिल्या भरण्याला स्वस्तातलं ऑइल चालतं, मात्र प्र. १०मधला प्रकार पाळून. त्याच दिवशी रॅकचे रबरी बूटही बघा, प्र. १४मध्ये कारण आहे.

१२. व्हॅन बंद पडली. टो करताना गिअरबॉक्सला धोका असतो का?

असतो, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. मागची चाकं रस्त्यावर फिरत असली की न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो. पण इंजिन बंद असल्यामुळे ऑइल उडवून वर नेणारे गिअर फिरत नाहीत. शिळफाट्याहून कळंबोलीपर्यंत असं ओढत नेलं तर आतली बेअरिंग कोरडी चालतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत हळू नेली तर बिघडत नाही. लांब न्यायची तर मागची चाकं उचलून किंवा प्रॉपेलर शाफ्ट काढून न्या. सगळ्यात बरं म्हणजे फ्लॅटबेडवर चढवा. मागून उचलून नेताना मात्र पुढची चाकं रस्त्यावर असतात. तेव्हा किल्ली लावून स्टीअरिंगचं लॉक उघडं आहे आणि स्टीअरिंग सरळ बांधून ठेवलंय, हे स्वतः बघा.

१३. स्टीअरिंग किती ढिलं असलेलं चालतं? आमच्याकडे हातभर फिरतं तरी चाक हलत नाही.

हातभर? मग गाडी चालवू नका. चाकं सरळ ठेवून स्टीअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीने खूण करा आणि बोटाने हळू फिरवा. बाहेर उभ्या माणसाने चाक हललं की ओरडायचं. खूण साधारण ३० मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक.

जास्त असेल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठे आहे ते शोधायचं. गाडी चाकांवर उभी असतानाच एकाने स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघायचा: स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालचा जॉइंट, रॅक एंड, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) एंड. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेला. मग पुढचं चाक उचलून घोडी लावा. टायर घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, खुळखुळलं तर टाय रॉड किंवा रॅक. बारा आणि सहाला धरून खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. या दोघांतलं कुठलं? कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खुळखुळ गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट.

आता यातला खरा फसवा भाग. सांधे सगळे चांगले, तरी मधोमध प्ले आहे आणि पूर्ण वळवल्यावर घट्ट. याचा अर्थ रॅकचे दात मधल्या भागात झिजलेत. आपण आयुष्यभर सरळच तर चालवतो. मेकॅनिक रॅकचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळतो, मधला प्ले जातो, तुम्ही खूश होता. पण कडेच्या न झिजलेल्या भागात तोच रॅक आता अडकतो आणि वळणावरून स्टीअरिंग परत येत नाही. एखाद्या आंधळ्या वळणावर हे कळणं म्हणजे फार उशीर. असा रॅक आवळायचा नाही, बदलायचा.

१४. स्टीअरिंग अचानक जड झालंय. माझे वडील सत्तरीचे आहेत, त्यांना वळवत नाही.

या गाडीला पॉवर स्टीअरिंग नव्हतंच, त्यामुळे उभ्या गाडीत जड लागणारच. गाडी किंचित सरकू देऊन वळवायची, ही सवय वडिलांना बहुधा असेलही. पण पूर्वीपेक्षा जड झालं असेल तर आधी पुढच्या टायरची हवा बघा. हसू नका, अर्धे लोक इथेच थांबतात. रुंद टायर आणि अलॉय घातले असतील तर तेच कारण.

नंतर दोन्ही पुढची चाकं उचलून स्टीअरिंग फिरवा. हवेत हलकं फिरलं तर दोष टायर किंवा अलाइनमेंटचा. हवेतही जड असेल तर टाय रॉडचे एंड एकेक करून सोडा. सोडल्यावर रॅक हलका फिरला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचं (पुढच्या चाकावरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचं) वरचं माउंटिंग कोरडं पडलंय. तरीही जडच असेल तर रॅक किंवा स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालचा जॉइंट. फाटक्या बुटातून पावसाचं पाणी आत गेलं की रॅक गंजतो. बूट स्वस्त, रॅक महाग. दर मे महिन्यात खाली वाकून दोन्ही बूट बघायचे.

१५. गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट दोनदा केली.

कुठल्या बाजूला? आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे हात सोडल्यावर गाडी थोडी डावीकडे जाणं स्वाभाविक आहे. उजवीकडे ओढत असेल तर नक्की दोष आहे.

पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर टायर दोषी. तशीच राहिली तर पाच-सात किलोमीटर चालवून, थांबून, हाताचा मागचा भाग चारही चाकांच्या जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्याचा ब्रेक अडकतोय. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर स्टीअरिंगला हात लावू नका, ब्रेकचं काम करा. यातलं काहीच नसेल तर प्र. १८.

१६. ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

थरथर हातात आहे की बुडाखाली? स्टीअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा. सीट आणि फरशी थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट किंवा मागची चाकं, तिथे प्र. ९मधल्या खुणा तपासा. त्याच वेगाला मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून बघा. थरथर थांबली तर इंजिनकडे, माउंटिंगकडे बघा. राहिली तर फिरणाऱ्या भागांकडे. वेग कुठलाही असो, खड्ड्यात गेल्यावरच स्टीअरिंग फडफडायला लागलं आणि ब्रेक मारल्याशिवाय थांबेना, तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. कुठलातरी सांधा ढिला आहे. प्र. १३.

१७. वाशीच्या खाडीपुलावर वारा लागला की गाडी लेनबाहेर जाते. काय बदलू?

बहुधा काहीच नाही. उंच सपाट कुशी, १८४० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि वजन फार कमी. वाऱ्याला हे एक शीडच आहे. ऐरोलीच्या पुलावरही तेच होणार. टायरची हवा पुस्तकाप्रमाणे ठेवा, स्टीअरिंगचा प्ले मापात असू द्या आणि वेग कमी करा. बस ओलांडून गेली की एक ढकला बसतो, तो आधीच गृहीत धरा.

१८. अलाइनमेंटवाला म्हणतो, "कॅम्बर आऊट आहे, पण या गाडीत ॲडजस्ट होत नाही."

खरं सांगतोय. टाय रॉड फिरवून टो (पुढची चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलीत ते माप) तेवढा जुळवता येतो. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक वळायच्या अक्षाचा कल) हे गाडीच्या सांगाड्यानेच ठरतात. ते बिघडले असतील तर काहीतरी वाकलंय किंवा सडलंय: लोअर आर्म, स्ट्रट किंवा स्ट्रट जिथे टेकतो तो पत्रा. खाडीच्या हवेत तिसरी शक्यता धरायलाच हवी. स्ट्रटच्या वरच्या पत्र्याभोवती स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर आधी पत्र्याचं काम, मग अलाइनमेंट. वाकलेला आर्म किंवा टाय रॉड गरम करून सरळ करून देणारे भेटतात, वेल्डिंग करणारेही भेटतात. स्टीअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करून घेऊ नका.

१९. टाय रॉड बदलल्यापासून गाडी सरळ जाते, पण स्टीअरिंग वाकडं दिसतं. काढून एक दात फिरवून बसवू का?

नको. तसं केलं की एका बाजूला गाडी जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात उलटसुलट फिरवून स्टीअरिंग मध्यावर आणायचं. पुढच्या वेळी जुना एंड काढताना किती आटे फिरले ते मोजा, नवा तितकेच फिरवून बसवा. म्हणजे निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल. स्प्लिट पिन नवीच हवी.

२०. मागे सीएनजीची टाकी बसवली आणि स्टीअरिंग हलकं, तरंगल्यासारखं झालं.

मागे वजन आलं, पाट्यांचे स्प्रिंग बसले, नाक वर झालं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला म्हणून हलकं लागतं. स्टीअरिंगमध्ये शोधत बसू नका. पाटे तपासा, थकले असतील तर कमान करून घ्या किंवा बदला, आणि सगळं झाल्यावर टो पुन्हा जुळवा. शाळेची मुलं नेणाऱ्यांनी हे आधी करावं.

२१. आमच्याकडे मॅटाडोर आहे. हेच सगळं लागू पडतं का?

थोडंच. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरला ओढ पुढच्या चाकांना असते, मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही. म्हणून प्र. ९ तुमच्यासाठी नाही. पूर्ण वळवून निघताना पुढून 'कट-कट-कट' येत असेल तर पुढच्या एक्सलचे जॉइंट बघा. टो करताना प्र. १२च्या उलट, पुढची चाकं उचला. क्लच, ऑइल आणि सांध्यांच्या चाचण्या मात्र त्याच.

२२. पार्ट नवे घ्यावेत की कुर्ल्याहून जुने?

दरवाजा, काच, सीट, गिअरबॉक्सची रिकामी पेटी, प्रॉपेलर शाफ्ट हे जुने चालतात. अख्खा जुना गिअरबॉक्स घ्यायचा तर दुकानातच इनपुट शाफ्ट हाताने फिरवून, हलवून बघा आणि ड्रेन बोल्ट उघडून ऑइल बघा. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रॅक, क्लच केबल, सील हे जुने घेऊ नका. दुसऱ्याने ज्यासाठी गाडी मोडीत काढली, तेच तुम्ही विकत आणाल.

२३. कशानंतर गाडी जागेवर थांबवायची, पुढे न्यायचीच नाही?

स्टीअरिंग फिरवलं आणि मध्येच अडकलं किंवा वळणावरून परत आलं नाही. प्ले एका दिवसात वाढला. पुढचं चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं दिसलं. खालून शाफ्टची ठकठक वेगाबरोबर वाढून धडधड झाली. गिअरबॉक्सखाली ताज्या ऑइलचं थारोळं आणि वरून जळका वास. माजिवड्याच्या पुलावर असलात तरी हॅझर्ड लावून कडेला घ्या. टोवाल्याचे पैसे द्यायचे, बोलणी खायची, पण पुढे न्यायची नाही.

२४. डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. हा रॅकचा दोष आहे का?

नाही. स्टीअरिंगच्या मागे हॉर्नचा घासता संपर्क असतो, तो झिजला किंवा वायर उघडी पडून धातूला लागली. पत्र्याला चिकटलेल्या जुन्या वायरी आधी बघा. हा प्रश्न इथे बसत नाही, पण गेल्या पावसाळ्यात तीन जणांनी विचारला, आणि तिसऱ्याची गाडी सोसायटीच्या वळणावर रोज रात्री अकरा वाजता वाजत होती.